मेंदूचं गेट आणि आमचे अण्णा

विसरण्याच्या आजाराच्या ओपीडीत काम केलं की किस्से आपोआप साचतात. पेशंट विसरून जातात, नातेवाईक सांगून मोकळे होतात, आणि लक्षात ठेवायचं काम आमच्या गळ्यात! धाराशिवात आमची ही ओपीडी दर गुरुवारी भरते. मी इथं समुपदेशक, म्हणजे नातेवाईकांचा राग ऐकून घ्यायला नेमलेला माणूस.

*

आमच्या डॉक्टर शिल्पा मॅडमनी अल्झायमरवर संशोधन केलंय. सुरुवातीला त्या नातेवाईकांना पडद्यावर चित्रं दाखवायच्या. "मेंदूच्या पेशीत मधोमध केंद्रक असतं. त्याला बारीक दारं असतात. बाहेर तयार झालेली प्रथिनं त्या दारांतून आत जातात..."

बेंबळी गावची माणसं बसली होती त्या बाकावरून घोरण्याचा आवाज आला. पेशंट टक्क जागा होता. घोरत होता तो त्याचा मुलगा!

*

मग मॅडमनी चित्रं गुंडाळली आणि साखर कारखाना काढला. "केंद्रक म्हणजे कारखाना. प्रथिनं म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. या आजारात टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं आणि गेटाचीच मोडतोड करतं, असं दिसतंय. ट्रॅक्टर बाहेर उभे, आत गाळप ठप्प!"

हॉल खडबडून जागा झाला. तेवढ्यात ढोकीचे अण्णा ताडकन उठले. अण्णा स्वतः पेशंट. उभी हयात एका साखर कारखान्याच्या गेटवर राखणदारीत गेलेली. सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण हे ऐकून भडकले.

"माज्या गेटवर असलं कदी झालं न्हाय! कोन म्हणतंय?"

मॅडमनी हात जोडून माफी मागितली.

शेजारी अण्णांच्या पत्नी, कौसल्यामावशी, पदर तोंडाला लावून हसत होत्या. "खरंय त्येंचं. नंबराची चिठ्ठी न्हवती म्हणून माज्या सख्ख्या भावाचा ट्रॅक्टर भायेर उभा केला. ऊस वाळून गेला! भावानं दिवाळीला बोलवायचं बंद केलं."

*

त्या दिवसापासून अण्णा दर गुरुवारी ओपीडीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. नंबरची चिठ्ठी बघितल्याशिवाय कुणाला आत सोडेनात. ढकलाढकली संपली, आमचं बरं झालं. एक पुढारी सरळ आत घुसायला निघाले, तर अण्णांनी पाय आडवा घातला.

एका गुरुवारी तर अण्णांनी मॅडमनाच अडवलं. मॅडम मुकाट्यानं खिडकीवर जाऊन नंबर घेऊन आल्या. शेवटचा! आता बाकीच्यांना तपासणार कोण?

*

मावशींना एकच धास्ती. दर वेळी मला बाजूला घेऊन विचारायच्या, "सायेब, मला कदी इसरतील हो हे?"

सांगता येत नाही, असं मी म्हणायचो. खरंच येत नाही. त्या प्रश्नाचा मला लई वैताग यायचा.

*

मागच्या गुरुवारी मावशी गोळ्या आणायला बाहेर गेल्या. परत आल्या तर दारात पाय आडवा.

"नंबर?"

"अवो, मी हाय."

"मी म्हंजी कोन, बाई?"

मी उठत होतो, मॅडमनी हातानंच थांबवलं.

"नंबर न्हाय माज्याकडं," मावशी म्हणाल्या.

अण्णांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग पाय काढला, उठून खुर्ची मागं सारली.

"जावा आत. तुमाला नंबर लागत न्हाय."

मावशी आत येऊन बाकावर बसल्या आणि रडत रडत म्हणाल्या, "सख्ख्या भावाला सोडलं न्हवतं हो ह्येंनी!"