जाऊबाईंची धडधड, माझी थरथर

भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. पाटणला आमचं घर पुन्हा उभं राहिलं होतं, पण माझ्या पायांतली थरथर काही गेली नव्हती. भाकरी थापताना, धुणं धुताना ती तळव्यांपासून पोटऱ्यांपर्यंत चालूच असायची. पुन्हा जमीन हलते की काय, म्हणून मी घागरीतल्या पाण्याकडे बघायचे. पाणी निवांत असायचं.

थोरल्या जाऊबाईंचं वेगळं होतं. महिनाभर त्या ठणठणीत असायच्या. मग एखादा ट्रक दारावरून गेला की त्यांची छाती धडधडायला लागायची, दरदरून घाम फुटायचा. सगळं घर त्यांच्याभोवती गोळा व्हायचं. थोड्या वेळानं त्या उठून कामाला लागायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

एकदा शेंगा फोडताना मी बोलून गेले, "आवं आक्का, तुमचं बरं हाय. येतं आन् जातं. माझं थांबतच न्हाई."

त्यांचा हात थांबला. "जातं कुठं गं? बरी असती तवाच लय भ्या वाटतं. आता कवा येईल, चुलीपाशी येईल का विहिरीवर, ह्याचीच वाट बघायची."

तेव्हा मला ते पटलं नाही.

पुढं वर्षभरानं, एका दुपारी तांदूळ निवडताना, माझे पाय शांत असल्याचं ध्यानात आलं. कधीपासून, ते कळलंच नव्हतं. सूप बाजूला ठेवून मी तशीच बसून राहिले. मग घाबरून आक्कांना हाक मारली.