बुरशीचा रविवार

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, एप्रिलमध्ये, माझ्या आणि माझ्या सहाध्यायी मित्राच्या बुरशी वाढवायच्या प्लेटा एकाच इन्क्युबेटरमध्ये होत्या. बुरशीही एकच. रोज सकाळी दहा वाजता प्लेट उलटी धरायची, पाठीवर आखलेल्या रेषांवर पट्टी ठेवून बुरशीच्या वसाहतीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि वहीत लिहायचा, एवढेच काम होते.

त्या रविवारी मी गेलोच नाही. छावणीतल्या खोलीवर झोपून राहिलो. शनिवारी एकतीस होते, सोमवारी एक्केचाळीस भरले. मधल्या रकान्यात मी छत्तीस लिहिले. लिहिताना हात अडखळला नाही, हे आज कबूल करणे भाग आहे.

माझा सहाध्यायी मात्र शहागंजहून सायकलने येऊन मोजून गेला होता. त्याच्या वहीत शनिवारी तीस, रविवारी तीस, सोमवारी चाळीस. आमच्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"काय हो, बुरशीला रविवारची सुट्टी असते का?" त्यांनी मित्राला विचारले.

"सर, शनिवारपासून काल सकाळपर्यंत इथं वीज नव्हती. उकाड्यानं पेटी आतून तापली होती, म्हणून वाढ थांबली."

"मग यांची कशी वाढली? बॅटरीवर?" सर माझ्याकडे वळले. "तुम्ही आलात तेव्हा वीज होती?"

मित्र माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत आरोप नव्हता. मी खरे सांगेन अशी खात्री होती, आणि तेच मला सहन होईना.

"होती, सर."

घरी बसून आकडे लिहिणाऱ्याच्या प्रबंधावर आपण सही करणार नाही, असे सर म्हणाले. मित्राच्या प्लेटा त्यांनी तिथल्या तिथे टाकून द्यायला लावल्या. प्रयोग पुन्हा करायला तीन आठवडे लागणार होते. प्रबंध देण्याची मुदत बारा दिवसांवर होती.

जिन्यात त्याने मला गाठले.

"कल तू आया ही नहीं था, यार."

मी पायऱ्या उतरू लागलो.

"मी बोललो तर बहाणा वाटेल. तूच सांग सरांना. परवापर्यंत सांग."

बुधवारी मी माझ्या प्लेटा उजेडासमोर धरल्या. बुरशीची वाढ जिथे थबकते, तिथे कधी कधी गडद कडे उमटते. माझ्या प्रत्येक प्लेटवर ते उमटले होते. कड्याला पट्टी लावली, बरोबर एकतीस, शनिवारचाच आकडा. त्या प्लेटा सरांच्या टेबलावर ठेवल्या असत्या तर त्याचा प्रबंध सुटला असता आणि माझा अडकला असता. सरांची खोली चार दारे पलीकडे होती. मी प्लेटांचा गठ्ठा उचलला, दोन दारे ओलांडली, आणि परत फिरून तो दाबाखालच्या वाफेने सगळी वाढ मारून टाकणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून झाकण आवळले.

वाफेचा काटा चढत असताना तो आत आला.

"सांगितलंस?"

"जातोच आहे."

"तुझ्या प्लेटांवर कडं आलं असेल ना? त्याच घेऊन जाऊ. चल, मी पण येतो."

मी ऑटोक्लेव्हकडे बोट दाखवले. त्याने काट्याकडे पाहिले.

"पंधरा मिनिटं झाली की बंद कर," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याचे ते वर्ष बुडाले. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. नंतर मी त्याला दोन पत्रे लिहिली आणि दोन्हींत क्षमा मागितली. ज्या एका पत्राने त्याच्यावरचा डाग पुसला गेला असता, ते सरांना लिहायचे होते. सर हयात होते तोवर मी ते लिहिले नाही.