संस्थापकाचा रकाना

फिरतीच्या नोकरीत माणसाजवळ दोन गोष्टी साठतात: पायातले काटे आणि किस्से. काटे निघाले, किस्से राहिले.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. चांदा जिल्ह्यातल्या जंगलगावांत तरुण मंडळं काढायचं काम माझ्याकडे होतं. सोबत दाजीबा शिपाई. त्याला गोंडी, माडिया घरच्यासारखी यायची. माझी नोकरी कच्ची होती. सहा मंडळं उभी करून साहेबांची सही मिळाली तर कायम, नाही तर घरी. पण मी निवांत होतो. माणसं जमवणं हे आपल्या डाव्या हाताचं काम, अशी माझी ठाम समजूत होती.

* * *

पहिली सभा चामोर्शीजवळच्या गावात. दवंडी दिली, सतरंजी घातली, आणि सतरंजीवर फक्त मी आणि दाजीबा. समोरून गावचा कोतवाल पिशवी घेऊन निघालेला. म्हटलं, "अहो, लोक कुठे आहेत?"

"भाऊ, आज बाजार हाय. तुमच्या सभेत मीठ भेटते काय?"

पुढची सभा मी बाजारातच घेतली, मीठवाल्याच्या शेजारी. एवढी गर्दी झाली की शेवटी मीठवाल्यानंच मला विचारलं, "पुढच्या बाजाराले कुठी बसता जी? मी बी तिथीच दुकान लावतो."

* * *

मंडळाला ऑफिसातून व्हॉलीबॉलचं सामान मिळालं. महिन्यानं गेलो तर चेंडू अध्यक्षाच्या घरात आढ्याला टांगलेला, आणि जाळी गायब.

"वावरात हाय," अध्यक्ष म्हणाला. "चितळं लाखोरीचं पीक खाऊन राह्यली होती."

"म्हणजे तुझ्या एकट्याच्या वावरात?"

"नाई जी. मंडळाची हाय ना? पाळीपाळीनं सगळ्यायच्या वावराले लागते."

मी अहवालात लिहिलं: जाळी रोज वापरात, सर्व सभासदांना समान संधी. एक अक्षरही खोटं नव्हतं!

* * *

चिमूरकडच्या एका गावात श्रमदानाचा रस्ता होता. साहेब पहिली कुदळ मारायला आले तर रस्ता तयार. पोरांनी वाट पाहिलीच नव्हती. मधे चार हात जमीन तेवढी तशीच ठेवलेली.

"हे का सोडलं?" साहेबांनी विचारलं.

"तो तुमचा वाटा हाय, साहेब. आमच्याकडे एकाचा वाटा दुसरा खोदत नाई."

साहेब दुपारभर खोदत होते. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

* * *

पाच मंडळं झाली. सहावं एटापल्लीच्या पलीकडे, माडिया गावात. तिथे मात्र माझा डावा हात चालेना. अध्यक्ष निवडा, हात वर करा, म्हटलं तर एकही हात वर जाईना. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, ही तिथली रीत. हात मोजून कुणाला हरवणं त्यांना असभ्य वाटलं. तीन खेपा फुकट गेल्या. आता मी मनातून खरंच घाबरलो होतो.

चौथ्या खेपेला म्हातारा पुजारी चैतू यानं दाजीबामार्फत विचारलं, मंडळ करतं तरी काय? मी सांगितलं: तरुण पोरं-पोरी एकत्र जमतात, गातात, लग्नघरी लाकडं आणतात, अडलेल्याचं घर शाकारतात. चैतूनं माझा हात धरला आणि गावाच्या मधोमध नेलं. तिथे त्यांचं गोटुल होतं, तरुणांचं घर. माझ्या यादीतलं सगळं काम तिथे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. लिंगो या मूळपुरुषानं ते घालून दिलं, अशी त्यांची श्रद्धा. तो त्यांचा देवच.

मी ते गोटुलच सहावं मंडळ म्हणून कळवलं, आणि साहेब तपासणीला आले. पोरं-पोरी रांगेत बसलेली, चुळबूळसुद्धा नाही. साहेबांनी फॉर्म काढला. "संस्थापक कोण?"

दाजीबानं विचारल्यावर चैतू म्हणाला, "लिंगो."

साहेबांनी नाव लिहून घेतलं. "आज हजर आहेत का ते?"

दाजीबानं प्रश्न माडियात सांगितला. चैतू साहेबांकडे पाहत सावकाश काही बोलला.

"तो म्हणते," दाजीबा म्हणाला, "हजर नसता तं पोरं अशी बसली असती काय?"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. मग लिंगोच्या नावापुढे 'हजर' असं लिहिलं आणि खाली सही केली.