टोचा न लावलेली होडी

मोऱ्याच्या बंदरावरून रोज लाँचनं खाडीपलीकडे कामाला जाणारा गुणाजी कोळी अणुभट्टीच्या इंधनाची परीक्षा घेतो, असं अख्ख्या उरणाला ठाऊक होतं. तो घेत नव्हता. युरेनियमच्या सळईवर ॲल्युमिनियमचं कवच असे. दोहोंमध्ये कुठं पोकळी राहिली का, हे साहेब लोक सळई पाण्याच्या टाकीत ठेवून, आवाजाच्या लहरी सोडून पडद्यावर बघत. काही कापायचं नाही, फोडायचं नाही. बाहेर काढलेली सळई गुणाजी फडक्यानं पुसत असे. पण देश नवा होता, आणि नव्या देशात पुसणाऱ्यालाही शास्त्रज्ञासारखं चालता येत असे.

त्याचा मेहुणा मोरू बायकोच्या पाटल्या मोडून जुनी होडी घ्यायला निघाला. रीत अशी, की गिऱ्हाइकानं तळाच्या फळ्यांत लोखंडी टोचा मारून बघायचा. लाकडाला कीड असेल तर तो सरळ आत शिरतो. मोरूनं टोचा उचलला, तसा गुणाजीनं त्याचा हात धरला.

"फोडून बघनं आडान्याचं काम. विज्ञान नुसतं ऐकतं."

त्यानं वाळूवर ओढलेल्या होडीच्या तळाला कान लावला, हातोडी वाजवली, डोळे मिटले.

"ठनठनीत हाय."

होडीवाला बाळाजी खूश झाला. "शिकलेल्या मानसाची गोष्टच न्यारी!"

"मग भावजी," मोरू म्हणाला, "भरती आलीच हाय. घारापुरीला एक फेरी मारू. तुमी पुढं बसा. तुमचा कान हाय, मला कसली भीती?"

गुणाजीची बायको काशी तर पदर खोचून होडीत चढलीसुद्धा. भावाची पहिली फेरी, ती कशी चुकवील?

गुणाजीला काहीच ऐकू आलं नव्हतं. टाकीपाशीही कधी आलं नव्हतं. गप्प बसलं आणि तळाला कीड निघाली, तर माणसं बुडणार. बोललं तर अब्रू.

"उतर," तो काशीला म्हणाला.

"का वं?"

"उतर म्हनतो ना!"

त्यानं टोचा हिसकावला आणि तळात मारला. तो मुठीपर्यंत आत गेला. ओला भुसा वाळूत सांडला.

"भावजी, मग ते ठनठनीत काय होतं?"

"वरचं डांबर."

बाळाजी ओरडू लागला, "शिकलेल्या मानसानं होडीला भोक पाडावं?" पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला आता आपापल्या होडीची शंका आली होती, आणि प्रत्येकाला टोचा गुणाजीच्याच हातानं मारून हवा होता.