वादळानंतरची मोजणी

वलवणला आमच्या घरामागे मोठं जांभूळ होतं. आमच्या आणि शेजारच्या आबांच्या जागेतली भिंत त्याच्या बुंध्याला खेटूनच गेलेली. मे महिन्यातल्या एका दुपारी वादळ आलं आणि ते जांभूळ त्या भिंतीवर आडवं झालं. आई घरात एकटी होती. मी सोमाटण्याला बँकेत नोकरीला. फोन आला तशी निघाले, पण जुन्या हायवेवर जागोजागी फांद्या पडलेल्या, पोचायला संध्याकाळ झाली. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिला काही झालं नव्हतं. घरालाही नाही. मोरीच्या पत्र्यावर एक फांदी टेकली होती, तेवढंच.

भिंत मात्र साफ गेली होती. आबांचं परसदार आता थेट आमच्या मोरीपर्यंत दिसत होतं.

आबा गावातल्या जुन्या जमीनवाल्या घरातले, पंचाहत्तरीचे. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता भाड्याचे बंगले उभे होते आणि दोन्ही मुलं पुण्यात. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत होते, आता हयात नाहीत; त्यांनी ही जागा नोकरीच्या पैशांतून घेतली. जमिनीच्या बाबतीत आमच्या आधीच्या माणसांना गावात काय काय सोसावं लागलं, ते ऐकतच मी वाढले. त्यामुळे संशय घ्यायला मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. आबांनी आयुष्यात आमच्याशी बोलताना कधी वाकडा शब्द वापरला नव्हता. मला वाटायचं, गोड बोलणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवावं.

नगरपरिषदेची माणसं चौथ्या दिवशी आली. आधी रस्ते मोकळे करायचे होते, म्हणून उशीर झाला म्हणाले. झाड कापलं, जेसीबीने भिंतीचा राडारोडा उचलला आणि त्याच्याबरोबर पायाचे दगडही उचलले. आता भिंत कुठे होती, हे सांगणारी एकही खूण जमिनीवर उरली नाही. मी मुकादमाला विचारलं, पाया कशाला काढला? तो म्हणाला, साहेबांनी सगळं साफ करायला सांगितलंय. त्यानंतर तो आबांच्या पडवीत चहाला बसला. दोघं हळू आवाजात बोलत होते. मी खिडकीतून पाहत राहिले, ऐकू काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूला फक्कीची पांढरी रेघ दिसली. माझ्या अंदाजाने जुन्या भिंतीपासून चांगली हातभर आत. मी मोबाईलवर तिचे फोटो काढले, चारी बाजूंनी.

मी थेट नगरपरिषदेत गेले. बांधकाम विभागातल्या बाईंनी माझा अर्ज घेतला आणि सहज बोलून गेल्या, की याच भिंतीबद्दल तुमच्या शेजाऱ्यांचाही अर्ज आलाय. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाल्या, माहिती अधिकारात मागा. त्या क्षणी माझी खात्रीच झाली. पाया काढणं, तो चहा, ती रेघ आणि आता हा अर्ज. सगळं एका दोरीत ओवलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं, आता सरकारी मोजणी मागवते. आई तांब्या घासत होती. तिने मान वर केली नाही.

"मोजनी नगं," ती म्हणाली. "भिंत हुती तितंच बांधू."

मी म्हटलं, ती कुठे होती हेच तर त्यांनी पुसलंय. ती पुन्हा म्हणाली, मोजणी नको. मला वाटलं, ती घाबरते. जन्मभर घाबरत आली तशीच. मला तिचा राग आला, आणि त्या रागातच मी भूमापन कार्यालयात अर्ज भरला.

मोजणीदार आला तेव्हा पावसाळा मुरला होता. चिखलात उभं राहून त्याने यंत्र लावलं, नकाशाशी ताडून पाहिलं, पुन्हा लावलं. आबा छत्री घेऊन त्यांच्या बाजूला उभे होते. शेवटी त्याने हद्दीची खूण म्हणून लोखंडी सळई ठोकली ती आमच्या मोरीच्या आत. आमची मोरी दोन फूट आबांच्या जागेत होती.

मी आबांकडे पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुजा बाप आन् मी बोललोतो," ते म्हणाले. "त्यात तुमी पोरं कशाला?"

काय बोलले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. ते छत्री मिटून घरात गेले.

मोजणीची प्रत नगरपरिषदेत गेली आणि आम्हाला अतिक्रमणाची नोटीस आली. सुनावणीला आबांचा तो पहिला अर्ज वाचून दाखवला गेला. त्यात लिहिलं होतं, भिंत जुन्याच जागी बांधू द्यावी, माझी हरकत नाही. पांढरी रेघही नगरपरिषदेनेच आखली होती, पावसाच्या पाण्याच्या नव्या गटारासाठी. पुढे ते काम रद्द झालं. मी खाली मान घालून ऐकत होते. आबांनी तिथेही सांगितलं, मोरी राहू द्या. पण मिळकत पत्रिकेवर मुलांचीही नावं होती, त्यांची संमती लागणार होती. मुलं आली नाहीत. धाकट्याचा फक्त फोन आला, की आता कागदावर आलंच आहे तर नियमाप्रमाणे होऊ द्या.

मोरी आम्हीच पाडली. दुसऱ्या बाजूला नवी बांधली, फरशीची, जुनीपेक्षा चांगली. आबांशी बोलणं तुटलं नाही. ते समोर आले की मी विचारपूस करते, तेही उत्तर देतात. पण पूर्वी ते आईला परड्यातली मेथी आणून द्यायचे, ते बंद झालं.

एकदा मी आईला विचारलंच. जुनी मोरी बांधली तेव्हा जागा आबांची आहे, हे बाबांना ठाऊक होतं का?

"म्याच तर इटा दिल्या तुज्या बाबांच्या हातात," ती म्हणाली.

मग आबांनी आपणहून दिली, की बाबांनी बांधून टाकली आणि नंतर मिटवलं? बदल्यात काही कबूल केलं होतं का?

"तुला कागद पायजे हुता. घावला न्हवं?"

एवढं बोलून ती उठून आत गेली. अजूनही मी कधीकधी बाबांच्या पेटीतले कागद काढून बसते. जागेचं खरेदीखत आहे, रेल्वेचे दाखले आहेत, मोरीबद्दल कुठे एक ओळही नाही. आधी मी शेजाऱ्यावर नजर ठेवून होते. आता वडिलांच्या फोटोकडे बघतानाही मनात तोच संशय उभा राहतो, आणि तो थांबवावा कसा, ते मला कळत नाही.