पाण्याखालचा विळा

तिला सगळे टिटवी म्हणत. लहानपणी तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे म्हणून बापाने ते नाव ठेवलं, आणि लग्न होऊन केस पिकले तरी ते चिकटून राहिलं. धंदा चटया विणायचा. घरासमोर मोठं तळं आणि काठाने पुरुषभर उंच पाणकणसाचं रान. ते कापायचं, अंगणात वाळवायचं, पुढच्या खोलीत बसून विणायचं. त्या खोलीत पाय ठेवला की ओल्या गवताचा वास यायचा आणि पाठोपाठ टिटवीची बडबड.

बापाने जाताना वाटणी तोंडीच केली होती. काठावरची उंच जागा मुलाला, पाण्यातलं रान मुलीला. "दादाला जमीन, मला चिखल," असं ती हसत सांगायची. दादाने त्या जागेवर लॉज बांधलं. लांबून माणसं पाखरं बघायला येत. व्हरांड्यात चहा पीत बसलं की समोरच्या कणसांत जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत हिंडताना दिसायच्या, वटवट्यांची भांडणं ऐकू यायची. म्हणून दादाने सांगितलं होतं, लॉजसमोरचा पट्टा कापू नकोस. टिटवीने तो कधी कापला नाही. भाऊ एकच, त्याचं चाललंय तर चालू दे, असा तिचा हिशेब.

टिटवीचा नवरा नावाडी. लॉजच्या पाहुण्यांना तो होडीतून फिरवायचा. बायको बोलायची तेवढा हा मुका. पण चतुराची अळी पाण्यातून कणसाच्या देठावर चढलेली दिसली, की वल्हं वर घेऊन होडी थांबवायचा. अळीची पाठ उकलायची, आतून ओला चतुर निघायचा, आणि त्याचे पंख वाळून तो उडेपर्यंत हा होडी हलू द्यायचा नाही. घाईतले पाहुणे कुरकुरायचे. हा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

एका उन्हाळ्यात तळ्याच्या रखवालदारांना लॉजच्या मागच्या खोलीत पिंजरे सापडले. पिंजऱ्यांत पाणकोंबड्यांची पिल्लं, काही मेलेली. रखवालदारांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, पाण्यात रोज जातात ते आमचे दाजी, मला काय माहीत. धक्क्यावर चारचौघांसमोर नावाड्याची होडी ओढून नेली आणि त्याला पाण्यात उतरायची बंदी घातली. तो बायकोला एकदाच म्हणाला, "मी नाही." नंतर त्याने तो विषय काढला नाही. खिडकीकडे पाठ करून बसायचा, कुणी हाक मारली तरी उठायचा नाही. बसून बसून माणूस वाळला. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात साध्या तापाने गेला. खांदा द्यायला दादा सगळ्यांत पुढे होता, आणि रडलाही सगळ्यांत मोठ्याने.

खरं काय ते वहिनीने सांगितलं. लॉजच्या गच्चीवर दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. वहिनीच्या हातातलं टोक सुटलं आणि ती खालीच बसली. पिल्लं दादाच विकायचा. घेणारा माणूस मागच्या दाराने यायचा, तिने त्याला पाणी दिलेलं होतं. "वन्सं, मला झोप लागत नाही हो," असं म्हणून ती रडायला लागली. टिटवीने हातातली चादर नीट घडी केली, ढिगावर ठेवली आणि घरी आली.

त्या दिवसापासून तिची बडबड बंद. लोक म्हणाले, नवरा गेल्याचं दुःख आत्ता कुठे जाणवायला लागलंय. दुःख नव्हतं ते. भावाचं नुसतं खोकणं कानावर आलं तरी तिच्या दाढा आवळायच्या. चार लोकांना गोळा करून ओरडावं, असंही मनात येऊन गेलं. पण ओरडणाऱ्या बाईचं काय होतं, हे तिने पाहिलं होतं. लोक दोन दिवस ऐकतात, तिसऱ्या दिवशी तिलाच समजवायला येतात. शिवाय वहिनीला पुढे करावं लागलं असतं, ते तिला नको होतं.

तिने वाट पाहिली. लॉजसमोरच्या पट्ट्यात घरटी होती. शेवटचं पिल्लू उडून जाईपर्यंत तिने विळ्याला हात लावला नाही. पाखरांशी तिचं वैर नव्हतं. पाणी उतरलं, तशी ती एका सकाळी कंबरेइतक्या पाण्यात उभी राहिली. बापाने शिकवलं होतं, कणीस पाण्याच्या वर हातभर राखून कापायचं, म्हणजे देठातून मुळांना हवा मिळते आणि रान पुन्हा फुटतं. तिने विळा पाण्याखाली घातला. चिखलालगत, बुडापासून. पाणी चढलं की बुडखे गुदमरून कुजतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

व्हरांड्यातून दादा बघत होता. पाखरं तशीही उडून गेली होती, रान पावसात पुन्हा फुटेलच असं धरून तो खूशच झाला. "बरं केलंस, आता पाणी मोकळं दिसेल," असं वरून म्हणाला. तिने मान हलवली आणि पुढची मूठ धरली. संध्याकाळी हात सोलवटून निघायचे, पाठ धरायची, तरी रोज सकाळी ती आदल्या दिवशीपेक्षा लवकर उतरायची. इतक्या हौसेने तिने जन्मात काम केलं नव्हतं.

स्वतःच्या दारासमोरचं रान मात्र तिने वर्षभर तसंच ठेवलं. मधे काठाचं वळण होतं. लॉजमधून ते दिसत नसे. पाऊस झाला, तळं भरलं, आणि पाखरं वळण ओलांडून तिच्या दारात आली. सुगरणींनी तिथेच घरटी बांधली. दादाच्या समोर नुसतं पाणी. चतुरांना चढायला देठ उरला नाही, तेव्हा तेही गेले, आणि डासांनी व्हरांडा ताब्यात घेतला. पाहुणे दुसऱ्याच दिवशी बॅगा भरायला लागले. मुळांनी धरून ठेवलेला काठ लाटांनी खचू लागला. व्हरांड्याचा एक खांब कलला, मग दुसरा. धक्क्यावर म्हातारे म्हणू लागले, टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात ते खोटं नाही.

शेवटी दादा तिच्या खोलीत आला. तुझ्या बाजूची मुळं माझ्यासमोर लावून दे, म्हणाला. ती विणत राहिली. मग म्हणाली,

"पिंजरे कुणाचे होते, ते धक्क्यावर सांग. जिथे त्यांची होडी ओढून नेली, तिथेच उभा राहून."

दादाचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं, हे त्याने विचारलं नाही. तो तसाच निघून गेला. चार-पाच दिवस त्याने काढले. त्या दिवसांत काठाचा आणखी एक तुकडा पाण्यात गेला. मग एका सकाळी, बाजाराला जाणारी माणसं धक्क्यावर जमलेली असताना, त्याने खाली बघत सांगितलं. पिल्लं मी विकली. दाजींचा काही संबंध नव्हता. टिटवी समोर उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. एक रखवालदार टोपी काढून तिच्याकडे आला, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दादाने विचारलं, "आता लावशील ना?"

"मुळं लावायला होडी लागते, दादा. आणि वल्हवणारा लागतो. माझ्याकडे होता एक."

बहीण बोलली की विरघळते, असा दादाचा आजवरचा अनुभव. ती घराकडे चालू लागली होती.

वर्षाच्या आत लॉज बंद पडलं. दादा सासुरवाडीच्या गावी दुकान काढायला गेला. निघताना वहिनी भेटायला आली, तेव्हा टिटवीने नव्या चटयांची जोडी तिच्या हातात दिली आणि दाराशी उभी राहून तिच्याशी पोटभर बोलली. मन शांत झालं का, असं वहिनीने भीत भीत विचारलं.

"शांत नाही झालं," टिटवी म्हणाली. "पण पुन्हा वेळ आली, तर पुन्हा असंच कापीन."