पान एकशे एकोणचाळीस

वाचनालयाच्या जिन्याखाली एक खोली होती आणि त्या खोलीत दाभण बसायचा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. उंच, काटकुळा, मान किंचित पुढे वाकलेली, म्हणून कुणीतरी एकदा दाभण म्हटलं आणि ते चिकटलं. चाळीस वर्षं तो तिथे फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा शिवत होता आणि चाळीस वर्षांत त्याने त्यातलं एकही वाचलं नव्हतं.

हा आळस नव्हे, शिस्त होती. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाइंडरने पानाचा आकडा बघायचा. मजकुरात डोकं घातलंस की सुई बोटात गेलीच म्हणून समज." दाभणने हे इतकं मनावर घेतलं की घरी वर्तमानपत्र आलं तरी तो आधी पानं मोजायचा. "तुम्ही पेपर वाचता की तपासता?" असं बायको विचारायची. वर्षातून एकदा वाचनालयातली सगळी पुस्तकं त्याच्या टेबलावरून जायची. तो फाटलेल्या कडांना पट्ट्या लावायचा, सुटलेली पानं खळीने चिकटवायचा आणि वाचकांनी पेन्सिलीने समासात जे काही खरडलेलं असेल ते खोडरबराने पुसून टाकायचा. अर्थात तेही न वाचता.

तो निवृत्त व्हायला आठ दिवस उरले, तेव्हा चिटणिसांनी त्याच्या खोलीबाहेर पाटी लावायचं ठरवलं. मजकूर त्यांनी स्वतः रचला: 'चाळीस वर्षांत एकही पान चुकलं नाही.' पाटी रंगवायला गेली आणि दाभणला वाटलं, आता जाता जाता बघावं तरी, आपण आयुष्यभर शिवलं काय. त्याने सगळ्यात जास्त वेळा उसवलेली कादंबरी घेतली. ती एका जादूच्या तलवारीच्या शोधाची होती.

गोष्ट ठीकच सुरू झाली. आईबाप नसलेला मुलगा, काकाच्या घरी वाढलेला, खांद्यावर जन्मखूण. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा काठी टेकत दारात येतो आणि म्हणतो, ऊठ, जग बुडायला आलं, उत्तरेच्या काळ्या किल्ल्यातून तलवार आणायला हवी. अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत मुलगा पांढऱ्या घोड्यावर होता. एकोणनव्वदाव्या पानावर तो नावेत होता, त्याचं नाव बदललं होतं आणि तो तलवारीऐवजी घंटा शोधत होता. दाभणला वाटलं, साहित्य साहित्य म्हणतात ते हेच असावं. शिकलेली माणसं वाचतात म्हणजे असतंच असं. पुढे नावेचा पुन्हा घोडा झाला, पण तपकिरी. पहिल्या घोड्याचं काय झालं, या काळजीत त्याने तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी पान उलटताना त्याचा अंगठा थबकला. सत्त्याऐंशीचा कागद गुळगुळीत होता, एकोणनव्वदचा खरबरीत. डोळ्यांना साहित्य वाटलं ते अंगठ्याने ओळखलं आणि दाभणला दरदरून घाम फुटला.

अकरा वर्षांपूर्वी गच्चीवरची टाकी फुटून एक अख्खं कपाट भिजलं होतं. त्यात एकाच प्रकाशनाच्या, एकाच मालिकेतल्या सात शोधकादंबऱ्या होत्या. कुणी तलवार शोधत होतं, कुणी घंटा, कुणी दिवा, कुणी आरसा, आणि असंच आणखी काहीबाही. आकार एक, टाइप एक, प्रत्येकीची पानं तीनशे वीस आणि पानांवर पुस्तकाचं नाव कुठेच नाही. शिवण सुटून सुरुवातीची काही सोडता बाकी सगळी पानं सुटी झाली होती. दाभणने ती दोऱ्यांवर वाळत घातली, वाळल्यावर आकड्यांप्रमाणे सात गठ्ठ्यांत पत्त्यांसारखी वाटली आणि शिवली. प्रत्येक गठ्ठ्यात तीनशे वीस पानं बिनचूक भरली होती. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला होता.

तो तडक चिटणिसांकडे गेला. सगळं ऐकून चिटणिसांनी चष्मा काढला.

"कुणाची तक्रार आहे?"

"नाही."

"अकरा वर्षांत एकाचीही?"

"एकाचीही नाही."

"मग चूक कशाला म्हणता? पाटी रंगवून झालीय. अहो, मी स्वतः त्यातली चार वाचलीत. पोरगं घराबाहेर पडतं, म्हातारा मरतो, काळा राजा हरतो. सगळं जिथल्या तिथे आहे."

"पण साहेब, नाव बदलतं त्याचं."

"मला वाटलं, वेश बदलून फिरतोय."

दाभण हटेना, तेव्हा चिटणिसांनी खुद्द लेखकाला बोलावलं. सातांपैकी दिव्याच्या शोधाची कादंबरी लिहिणारा लेखक दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो सकाळी येऊन वाचनकक्षात आपलं पुस्तक घेऊन बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. एकशे चाळिसाव्या पानावर त्याने रुमाल काढला.

"काय लिहिलंय मी! म्हाताऱ्याचं मरण वाचताना आजही घसा दाटून येतो."

दाभणने वाकून पानाची कड चिमटीत धरली. "साहेब, तुमची कादंबरी पिवळट कागदावर होती. हे पान पांढरं आहे. हा मेलेला म्हातारा तुमचा नाही."

लेखकाने डोळे पुसले. "मग माझा कुठेय?"

"सातांतल्या कुठल्या तरी पुस्तकात असेल. पिवळट कागदाची तीन होती, पांढऱ्याची चार. त्यापुढचं माझ्या अंगठ्याला कळत नाही."

"मग असू दे की. तिथेही तो मेलाच असणार." लेखक मजेत हसला. "अहो, आम्ही सगळे एकमेकांचं वाचूनच लिहायचो. दाढी माझी, काठी त्याची, किल्ला तिसऱ्याचा. त्या तिसऱ्याने तरी कुठून आणला, देव जाणे. तुम्ही फार फार तर आमची उसनवारी फेडलीत."

चिटणीस टाळ्या वाजवायचेच बाकी होते. दाभण मात्र घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बायको म्हणाली, "कुणाला कळलं नाही ना? मग झालं तर!" तेच तर त्याला झोंबलं होतं. पान कुठेही लावलं तरी चालत असेल, तर चाळीस वर्षं मी शिवत काय होतो? एकाने, निदान एकाने तरी येऊन म्हणायला हवं होतं, की बाबा, तू घोळ घातलास. आपल्याला कुणी शिवी घातली नाही म्हणून त्याला रडू आलं, आणि हे बायकोला कसं सांगावं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सातही पुस्तकं टेबलावर घेतली. पहिल्यातच समासात पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसलं. सवयीने हात खोडरबराकडे गेला. पण आता तो वाचायला लागलेला माणूस होता. त्याने वाचलं.

'पुढचं पान घंटेच्या पुस्तकात आहे. पांढरा घोडा तिथे सुखरूप आहे.'

त्याने भराभर पानं चाळली. 'हा मुलगा आरशाच्या पुस्तकातला. इथे पाहुणा.' 'घाबरू नका, ही नाव दोनशे तीनवर किनाऱ्याला लागते.' सातही पुस्तकांत, पानोपानी. आणि अक्षरांच्या खाली कागद झिजून मऊ झालेला होता. म्हणजे तिथे याआधीही लिहिलेलं होतं, दर वर्षी लिहिलेलं होतं, आणि दर वर्षी ते पुसलं होतं त्यानेच.

देवघेवीच्या नोंदवहीत सातही पुस्तकं एकदम नेणारं एकच घर निघालं. एक निवृत्त परिचारिका, सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं, म्हणून तिने बहीण, भावजय, चार भाच्या सगळ्यांना सभासद करून टाकलं होतं. दाभणने पुस्तकं पिशवीत भरली आणि तिचं दार वाजवलं. आपण कोण ते सांगून त्याने विचारलं, "बाई, खरं सांगा. घोळ आहे ना?"

"आहे तर! ढळढळीत आहे," सिस्टरबाई म्हणाली. "यायला अकरा वर्षं लावलीत. आत या."

दाभणला इतकं बरं वाटलं की तो चपला न काढताच आत गेला. "मग तक्रार का नाही केलीत?"

"वॉर्डात एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत गेला की आम्ही आरडाओरडा नाही करायचो. चिठ्ठी लावायची, म्हणजे पुढच्या पाळीला कळतं. मी दर वर्षी लिहायचे आणि कोण मेला दर वर्षी पुसायचा!"

"तो मीच," दाभण म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

समारंभाच्या दिवशी पाटी लागली. लोक पांगल्यावर दाभणने खिशातून पेन्सिल काढून मजकुराखाली लिहिलं, 'सात पुस्तकं सोडून.' चिटणिसांनी शिपायाला ते पुसायला सांगितलं, पण वाचनालयातलं एकुलतं एक खोडरबर दाभणच्या खिशात घरी गेलं होतं.

मग रोज सकाळी सिस्टरबाईच्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकं उसवायचं काम सुरू झालं. दाभण अंगठ्याने कागद सांगायचा, ती रोगावरून म्हातारा ओळखायची. "तलवारवाल्याला दमा आहे. घंटावाल्याचा गुडघा गेलाय. आरसावाल्याला रात्रीचं दिसत नाही, पण लेखकाच्या लक्षात आलेलं नाही." अशी पानं लागत गेली आणि दोन महिन्यांनी एकशे एकोणचाळीसवर आली. सहा म्हातारे सहा प्रकारे मेले. प्रत्येकाने मरताना मुलाचा हात धरला आणि तीच तीन वाक्यं उच्चारली. सिस्टरबाई खेद न करता त्यांना आपापल्या गठ्ठ्यात ठेवत गेली.

सातवं पान तिने बराच वेळ हातात धरलं.

"हा दिवावाला. डाव्या हाताला कंप आहे, बघा. या एकासाठी मी दर वर्षी सातही नेते. दर वेळी शोधून काढावा लागतो."

"का? याचं काय वेगळं आहे?"

तिने पान उलटून एकशे चाळीसवरचं मोठ्याने वाचलं. म्हातारा दगडावर बसतो. मुलगा त्याचा हात धरून रडू लागतो. म्हातारा म्हणतो, "मरत नाहीये रे मी. थकलोय. तू हो पुढे, मी घरी जातो." आणि काठी टेकत उठतो आणि खरंच घरी जातो.

दाभण म्हणाला, "लेखकाला हे आठवतसुद्धा नाही. तो दुसऱ्याचा म्हातारा वाचून रडला."

"रडू दे," सिस्टरबाई म्हणाली. "तुम्ही शिवा."

दाभणने दोरा दुहेरी केला आणि ते पान त्याच्या जागी शिवलं.